धुण्याच्या खोलीतलं चेटूक

तायडे हेडविग,

गोथेनबर्गला शिकायला जाताना तू चेटकिणींच्या मालिकेचा चौथा भाग उचलून नेलास. तिसरा कुठे संपतो माहीत आहे ना? शाळेला आग लागलेली आणि सगळ्या मुली आत! सहा महिने त्या तिथेच जळतायत.

शेवटी मी आणि माझ्या वर्गातल्या टुवाने पुस्तक परत आणायचा मंत्र म्हणायचं ठरवलं. घरात मेणबत्त्या लावल्या की आई ओरडते, म्हणून तळघरात सगळ्या इमारतीची मिळून जी धुण्याची खोली आहे, तिच्या पाळीच्या यादीत संध्याकाळी सातपर्यंत आपल्या घराचं नाव लावलं. ड्रायरमागे सापडलेला तुझा मोजा मेणबत्त्यांच्या मधोमध ठेवला. मंत्र लांबला, आणि सात वाजून चार मिनिटांनी वरच्या मजल्यावरच्या गुन्वोरबाई धुवायच्या चादरी घेऊन दारात!

"चेटूक करा नाहीतर नाचा, पण सातनंतर खोली माझी! आणि ड्रायरची धाग्यादोऱ्यांनी भरलेली जाळी कोण साफ करणार? सैतान?"

सकाळी त्या खोलीच्या दारावर तेच सांगणारी चिठ्ठी होती. सही नाही, शेवटी हसरा चेहरा.

दुपारी तुझा फोन आला. शनिवारी येतेयस, मळक्या कपड्यांच्या तीन पिशव्या घेऊन. आणि पुस्तक म्हणे ट्राममध्ये हरवलं!

टुवा म्हणते, मंत्र फसला. फसला नाही गं. पुस्तकाचं नाव घ्यायच्या जागी मी हळूच तुझं घेतलं होतं.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर फार भाव खाशील.

शनिवारी दहापासून एकपर्यंत खोली आपली आहे. जाळी तू साफ करायचीस.

अजून चिडलेली,
एम्ब्ला