वर्षे ५१, महिने ३, दिवस ८

२० ऑक्टोबर
त्या सकाळी मी भांडी घासली, बोंबील साफ केले, केळींना पाणी सोडलं आणि प्लासिडचे दोन सदरे धुतले. तिसरा हातात घेतला, तेवढ्यात बावखलाकडून, वाडीतल्या तळ्याकडून, माणसं हाका मारत आली. पंपाची गाळणी साफ करायला पाण्यात उतरलेला माझा नवरा वर आलाच नव्हता. त्याला पाच वर्षं झाली. तो तिसरा सदरा मी अजून धुतलेला नाही.

आज गास गाव सोडून पापडीला, धाकट्या दिराच्या मागच्या खोलीत राहायला आले. खोली उजेडाची. दाराशी चिकू, अंगणात कपडे धुवायला ऐसपैस दगड. जाऊ सँड्राने मैद्याचे गोडसर फुगे तळले होते. पुस्तकांच्या पेट्या बघून दीर फ्लॉईड म्हणाला, वहिनी, इथे लायब्ररी काढणार की काय. खूप दिवसांनी हसले.

२४ ऑक्टोबर
पेटीत ते जुनं पुस्तक मिळालं. रोममधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या कबरींवरचे लेख. डिक्शनरी घेऊन मी ते दोन वर्षं वाचलं होतं. माणूस किती जगला, ते ती माणसं दिवसासकट मोजून लिहीत. मग, शांतीत निजला आहे. काही जण शेवटी बजावून ठेवत: जो ही कबर उघडील त्याला येशूला विकणाऱ्या यहूदाचा वाटा मिळो.

प्लासिडच्या दगडावर मी तसंच कोरून घेतलं. वर्षे ५१, महिने ३, दिवस ८. बजावणीसकट. फादर नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्याला चौघांनी पाण्यातून ओढून काढलं होतं. यापुढे कुणी हलवू नये, एवढंच मला हवं होतं.

२९ ऑक्टोबर
मृतांचा दिवस जवळ आला म्हणून खराटा घेऊन इथल्या, सासरच्या गावच्या सिमेटरीत गेले. प्लासिडच्या जागी ताजी माती आणि भलत्याच बाईचं नाव. पाच वर्षांनी जागा दुसऱ्याला देतात, ठाऊक आहे. पण घरच्यांनी लिहून दिल्याशिवाय नाही. हाडं कोपऱ्यातल्या विहिरीत टाकली म्हणे, सगळ्यांच्या हाडांत.

फ्लॉईडला विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “दगड वाया नाही घालवला, वहिनी. तुम्ही रोज त्याच्यावरच कपडे आपटता.”

तशीच अंगणात गेले. पहार उचलली. दगड उलटा केला.

दिवस ९.

मी आठ कोरून घेतले होते. बोटांवर मोजून.

३० ऑक्टोबर
दिवस १०. फ्लॉईडला ओढत नेऊन दाखवलं. गवंडी चुकला असेल म्हणाला. सँड्रा म्हणाली, ताई, आता शांत व्हा. शांत? त्याला विहिरीत ओतलंत तेव्हा तुम्ही शांतच होता ना.

दगडाजवळ दोन ओली पावलं. बावखलाचा काळा चिखल.

३१ ऑक्टोबर
दिवस ११. फ्लॉईडने छिन्नीने आकडा खरवडला. दुपारी पुन्हा तोच. पावलं चिकूपर्यंत. येऊ दे. उठवलंत ना त्याला, आता आपला वाटा घ्या —

१ नोव्हेंबर
दिवस १२. पावलं फ्लॉईडच्या दाराकडे वळलीच नाहीत. माझ्याच —

फ्लॉईड पांढराफटक. कागद आणून दाखवला. कबर सोडल्याचा. खाली माझी सही. जुलैत गासला घेऊन आला होता — मृतांसाठीच्या मिस्सात, चर्चमधल्या प्रार्थनेत, घ्यायच्या नावांचा कागद म्हणाला. फसवलं त्याने. पण चष्मा शेजारीच होता. मी लावला नाही. इतकं वाचणारी मी —

दगडावर, बजावणीच्या खाली, नवी ओळ. माझी सही. तशीच वाकडी.

२ नोव्हेंबर
सकाळी तिसरा सदरा धुतला. त्याच दगडावर. वाळवला, इस्त्री केली. दार उघडं ठेवलंय, सदरा मांडीवर. पायरीवर पाणी ठिबकतंय. फ्लॉईडचं नाव सांगणार नाही. सांगीन, प्लासिड, मी न वाचता —