फडकं बांधलेल्या सायकली

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असेल. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आपल्यात मी एकटीच लिहिते. फाडू नकोस, आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. पुलापलीकडे तुझं दुकान, चालत निघाले तर घाम यायच्या आत पोचेन. तरी लिहायला बसले, कारण समोर आले तर पहिल्याच वाक्याला आपलं वाजेल आणि सांगायचं ते तसंच राहील. फोनचं म्हणशील, तर तुझे दाजी हल्ली सारखे माझ्या मागं मागं असतात. मी मोरीत गेले तरी दाराबाहेर उभे. आत्ता जरा आडवे झालेत म्हणून कागद घेतला. आणि एक आधीच सांगून टाकते, मी माफी मागायला लिहीत नाही. दाजींच्या हाताखाली सायकली दुरुस्त करायला शिकलास आणि न सांगता न सवरता पलीकडे दुकान थाटलंस, ते आम्हाला कळलं गिऱ्हाइकाच्या तोंडून. दाजी म्हणाले, त्यानं या पायरीवर पाय ठेवायचा नाही, आणि मीही तेच म्हटलं. चूक तुझीच होती. आजही विचारलंस तर हेच सांगेन.

आता मुद्द्याचं. दाजींचं डोकं जात चाललंय. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं, मी म्हटलं, नाव राहू दे, बरं होणार का तेवढं सांगा. नाही म्हणाले. हळूहळू सगळं पुसत जाणार. काय खाल्लं ते आठवत नाही, पोरीचं नाव घ्यायला अडखळतात, परवा आरशाला नमस्कार केला आणि या बसा म्हणाले. मी हसले. मग आत जाऊन भांडी आपटली. पण हाताला अजून सगळं येतं रे. डोळे मिटून चाकाचा आउट काढतात, वाकडं चाक सरळ करतात, पंक्चरची जागा गालाजवळ ट्यूब धरून ओळखतात. डॉक्टर म्हणाले, हात चालू ठेवा, हात थांबले की माणूस लवकर आटपेल. म्हणून दुकान उघडं ठेवलं. मी समोर स्टुलावर बसते, गिऱ्हाइकाशी बोलते, हे काम करतात. वाटलं, निभेल. पण त्यांच्या हातची सायकल आता भरवशाची राहिली नाही. चेन चढवतात, ब्रेक बसवतात, चाक घालतात, पुसून लख्ख करतात, आणि नट सगळे सैल.

पहिला आला पाववाला. सकाळच्या फेरीला निघाला तर पेडल निखळून रस्त्यात. त्यानं ते उचलून टोपलीत पावांवर ठेवलं आणि आमच्या दारात येऊन म्हणतो, ताई, हा एक पाव कुणी घेईना, जरा कडक भाजलाय. दाजी मोठ्यांदा हसले, त्यांना वाटलं दुसऱ्याच कुणाच्या दुकानाची गोष्ट आहे. मग गाण्याचे मास्तर. त्यांना दुसऱ्याच कुणाची सीट बसवून दिली होती, तीही डुगडुगणारी. आठवडाभर तशीच चालवली भल्या माणसानं. मी ओरडले, अहो मास्तर, बोलायचं नाही का? तर म्हणे, वहिनी, मला वाटलं माझाच तोल गेलाय, वय झालं. डोक्याला हात लावला मी. चिडायची तरी कुणावर? कुणी तणतणत आलं असतं तर दोन शब्द ऐकवता तरी आले असते. हे सगळे गोडच. सायकल घेतात, दाजींना वा, एक नंबर म्हणतात, आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हातात धरून नेतात. कोपऱ्यावरही कुणी चढत नाही. मला आधी कळेचना, सायकल असताना ही माणसं पायी का जातात.

शेवटी पाववाल्याला बसवून घेतलं आणि म्हटलं, खरं सांग, नाहीतर उद्यापासून तुझा पाव बंद. तेव्हा बोलला. सगळे पूल ओलांडून तुझ्याकडे जातात. तू नट आवळून देतोस आणि दाजींबद्दल एक वाकडा शब्द काढत नाहीस. एकजण काहीतरी बोलायला गेला तर तू त्याला म्हणालास, गप उभा राहा, तुझ्या बापाला सायकल शिकवलीय त्यांनी. हे ऐकून मला बरं वाटलं असं समजू नकोस. मला राग आला. अख्ख्या गल्लीला माहीत, पलीकडच्या तुला माहीत, आणि स्टुलावर बसलेल्या बाईला काही माहीत नाही. मी काय शो पीस आहे?

मग मी ठरवलं, आपणच आवळायचं. यात काय मोठं, नट तो नट. दाजी जेवायला उठले की पाना घेऊन बसायची. माझ्या मनगटात काही तेवढी ताकद नाही, पण अंगाचा भार टाकून आवळत होते. जेवून आले की यांचं सुरू, कुणी हात लावला माझ्या सायकलला? आणि परत सगळं सैल करून ठेवायचे. मी आवळायचं, यांनी सोडायचं. एकदा तर माझ्या हातातला पाना ओढून घेतला. बाई, तुम्ही कोण, म्हणाले. संसार करून केस पांढरे झाले माझे, आणि बाई तुम्ही कोण! मी म्हटलं, मी झाडलोट करायला येते. मग बरं म्हणाले.

आणि फडकी. आल्यागेल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला हे एक फडकं बांधून ठेवत होते. माझ्या जुन्या परकराच्या, चादरीच्या, फाडफाडून पट्ट्या केल्या. मला वाटलं, पुसायला असेल, नाहीतर डोकं गेल्यावर माणूस करतो तसला काहीतरी चाळा. गिऱ्हाईकही तसंच समजायचं. फडकं सोडायचं, हँडल पुसायचं, खिशात घालायचं आणि निघायचं.

दवाखान्यातली नर्स आहे बघ, उंच, भराभर चालणारी. तिनंही तसंच फडकं सोडलं. तिला कामावर जायची घाई होती, तुझ्याकडे यायला वेळ नव्हता, नाहीतर तिला कुणी सांगितलंच नसेल. पुलाच्या उतारावर पुढचं चाक निघून गेलं. बारक्या, चाक पुढं आणि ती मागं. खांद्याचं हाड मोडलं, तोंड सगळं सोलून निघालं. मागून गाडी येत होती, ती थांबली म्हणून बाई आज आहे. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तो दोन मिनिटं स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला होता म्हणे.

तिची सासू आली. आता ती बाई म्हणजे तोंडानं माझ्यापेक्षा वरचढ, तू मला भांडखोर म्हणतोस! दुकानासमोर उभी राहून गल्ली गोळा केली. माझी सून लोकांची हाडं बांधते, आता तिची कोण बांधणार, हा म्हातारा? कुलूप लावा दुकानाला, नाहीतर मी लावते. मी खाली मान घालून उभी होते. दाजी हात पुसत पुढं आले. सगळं ऐकून घेतलं, अगदी पूर्वी ऐकायचे तसं, मान एका बाजूला करून. आणि विचारलं, सायकलला फडकं होतं का? सासू म्हणाली, होतं, मग? तर हे माझ्यावर ओरडले, फडकं असताना सायकल दिलीच कशी? बारक्यानं आवळली नव्हती अजून!

तुला वाचताना कळलं असेल. मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तुम्ही दोघं दुकानात असायचात तेव्हा मी घरात, पोर लहान, दुकानात कधी पाऊल टाकलं मी? दाजींनी मग मलाच समजावून सांगितलं, झाडलोटवालीला सांगावं तसं. जोडणाऱ्यानं आवळायचं नाही, त्याला आपली चूक दिसत नाही. मी जोडतो, नट हातानं फिरवून ठेवतो, फडकं बांधतो. बारक्या येतो, आवळतो, फडकं सोडतो, मग सायकल दाराबाहेर. हाच कायदा या दुकानाचा. तू गेल्यावर ते दोन्ही कामं एकटेच करत होते, फडकं कधी बांधलं नाही. आता मधली वर्षं पुसली गेली आणि कायदा तेवढा राहिला. ते आवळायचं विसरत नव्हते रे. तुझी वाट बघत होते. रोज, प्रत्येक सायकलला. आणि पाववाला म्हणाला होता, पहिल्यांदा त्याच्या खिशातलं ते फडकं बघून तू ते मागून घेतलंस, हँडलला बांधलंस, नट आवळलेस आणि मगच सोडलंस. म्हणजे तुला माझ्याआधी कळलं होतं. तरी आला नाहीस. मी तुला दोष देत नाही. पायरी चढू नकोस म्हटलं होतं, तू नाही चढलास. हट्ट आपल्या बापाचा घेतलास, मीही तोच घेतलाय.

त्या दिवसापासून दुकान बंद ठेवलं. शटर ओढलं, किल्ली कमरेला. तर यांनी घर उकलायला घेतलं. कपाटाचे कडीकोयंडे, खुर्चीचे पाय, पंखा. दुपारी अंग टाकलं तर पलंगासकट खाली आले. हे दारातून बघत म्हणाले, थांबा, बारक्या येईल. ते उकलणंही आता कमी झालंय. जेवत नाहीत. मी एका जागी बसले की शटरकडे तोंड करून बसतात, बोटं मांडीवर नट फिरवल्यासारखी फिरतात. ती बोटं थांबायची मला भीती वाटते. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं होताना दिसतंय. दुकान उघडलं तर कुणाचा तरी जीव जाईल, नाही उघडलं तर यांचा. मला दोन्ही नको. नर्सकडे जाऊन आले. तिनं पाणी दिलं, डाव्या हातानं. दाजी कसे आहेत विचारलं. मला रडू येत नाही हे तुला माहीत आहे. रस्त्यात आलं.

म्हणून लिहिते. सोमवारी सकाळी मी शटर उघडणार आहे. तू ये. माझ्यासाठी नको येऊस, आपलं जे आहे ते तसंच राहू दे, माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. तुझं दुकान बंद कर असंही म्हणत नाही. सकाळी थोडा वेळ ये, यांनी जोडलेलं आवळ आणि जा. किती दिवस, ते मला सांगता येत नाही. एक दिवस ते तुलाही ओळखणार नाहीत, तेव्हा तू सुटलास. सगळ्या गल्लीत भांडण आता फक्त तुला आणि मला आठवतंय, त्यांच्याकडे ते नाहीच. त्यांना एवढंच वाटतंय की तुला यायला जरा वेळ झालाय. त्यावरून तुला बोलतील, गिऱ्हाइकासमोर बोलतील, कान धरतील कदाचित. उलटून बोलू नकोस. कुठं होतास विचारलं तर वाटेत पंक्चर झालं म्हण, आणि पाना घे.

तुझीच,
ताई