भिंत सलग दिसली पाहिजे

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अ. उ. आ.

तू सुचवलेलं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर उघडलं, तर ते आधी दरमहा पैसे मागतंय. उद्या पैसे थांबवले की माझेच फोटो मला दाखवायचे नाहीत, असा डाव दिसतो. कात्री विकत घेतली की आपली झाली. तिला कोणी दरमहा भाडं देतं का? फुकटातल्यांवर तर माझा त्याहून विश्वास नाही. एकदाच पैसे घेईल, बटणं मोजकी असतील आणि इंटरनेटशिवाय चालेल, असं काही शोध. आणि हो, फोटोतला एखादा माणूस काढला तर मागची भिंत सलग दिसली पाहिजे.

तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय, बाकी ठीक. उत्तर लिही, फोनवर नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

छापखान्यात दिवसभर मी हेच करते, म्हणून ऐक. फुकटातलं एक चांगलं आहे, पण त्यात बटणांचं जंगल आहे, तू हरवशील. एकदाच पैसे भरायचं एक पाठवलंय. महिनाभर वापरून बघ. तोवर ते प्रत्येक फोटोवर आपला शिक्का मारील. प्रत्येक बदल वेगळ्या थरावर राहतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही.

आता मला सांग, स्टुडिओ बंद करून दोन वर्षं झाली, मग कोणाला काढतोयस? आमचा पायऱ्यांवरचा फोटो भिंतीवर नाही, असं आई परवा बोलून गेली आणि घाईने विषय बदलला. माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

तुझी चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस अ. उ. आ.

पोरी, तू पोलिसात जायला हवी होतीस! अगं, नुसता सराव चाललाय. तो मेला शिक्का कसा मधोमध बसतो ते बघ. तेवढाच तुकडा छापून, कापून पाठवतोय. पैसे भरले की तो खरंच जातो ना, की वर्षाने परत उगवतो?

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

शिक्का पाहिला. शिक्क्याखाली माझ्या चौकटीच्या फ्रॉकचा खांदा आहे आणि खांद्यावर चार बोटं. बोटांमागे कोणीच नाही, भिंत आहे, आणि भिंतीवर एकच भेग दोनदा, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून तिथे चिकटवलाय.

बाबा घर सोडून गेले त्याला नऊ वर्षं झाली. तुझं त्यांच्याशी कधी पटलं नाही, तेही ठाऊक आहे. पण मी आणि ते एकत्र असलेला तेवढा एकच फोटो आहे, मामा. मला न विचारता काढलंस त्यांना? आणि सॉफ्टवेअर माझ्याकडूनच निवडून घेतलंस?

पैसे भरले की शिक्का जातो. पण भरू नकोस.

चिमणी

३ मार्च

चि. चिमणीस अ. उ. आ.

भरले. रागावण्याआधी पुढचं वाच.

काढायला ताईने, तुझ्या आईनेच सांगितलं होतं, आणि तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. माझंही त्याच्याशी वाकडं, म्हणून मी लगेच बसलो. माणूस दहा मिनिटांत गेला. बोटं मात्र पुसवेनात. ती तुझ्या खांद्यावर होती ना.

ताईला तशीच प्रत दाखवली. तिने त्या बोटांवरून अंगठा फिरवला, आणि बाकीचा माणूस परत आणता येतो का, असं विचारलं. मी थर उघडला. आला. ताईने खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाली, दोन्ही छाप.

भिंतीवर त्याच्याशिवायचा लावलाय. दुसरा तिने कपाटात ठेवलाय, आणि हल्ली ते कपाट फार वेळा उघडतं. तुझ्यासाठी एक अख्खी प्रत सोबत आहे. ही मात्र माझ्याकडून, ताईला न विचारता.

राग ओसरला की दोन ओळी लिही, नाही ओसरला तर चार लिही.

तुझाच मामा