अव्वानं दिलेलं रान

उदगीर, जून १९८३

अण्णा,

‘तीर्थरूप’ लिहायला हात उठत न्हाई.

अव्वानं मृत्युपत्रात औसा रस्त्याकडचं तीन एकर रान मला दिलं. बहात्तरच्या दुष्काळात तू म्हणालास, “महानंदा, विहिरीच्या मंजुरीसाठी कचेरीत किती खेटे घालशील? मला मुखत्यारपत्र दे.” मी न वाचता सही केली. सख्ख्या भावाचा कागद काय वाचायचा?

विहीर झालीच न्हाई. गेल्या साली लातूर जिल्हा झाला अन् रस्त्याकडच्या रानाला भाव आला. परवा मी मुखत्यारपत्र रद्द करायला औशाला गेले, तर कारकून म्हणाला, “बाई, रान तर संक्रांतीलाच विकलंय की तुम्ही.” विकणारी मी, घेणारी वहिनी, अन् माझ्या वतीनं सही तुझी! लाज कशी वाटली न्हाई रे?

नक्कल घेतली. खाली साक्षीदार म्हणून तुझ्या दाजींचं नाव. माझ्या नवऱ्याचं.

घरी येऊन विचारलं तर जेवता जेवता म्हणाले, “तुझं माहेर तुटू नये म्हणून केलं. सांगितलं असतं तर रडत बसली असतीस.”

मी रडले न्हाई. त्यांच्या पुढचं ताट उचललं.

आज लातूरला वकिलाकडं जाऊन आले. ते म्हणाले, “भावाला आत्ताच काही कळवू नका.” म्हणून हे पत्र पेटीत टाकणार न्हाई. दावा तुझ्यावर अन् वहिनीवर आहे. वकिलांनी दोनदा विचारलं, “नवऱ्याचंही नाव घालायचं?”

मी म्हणाले, “आधी त्यांचंच लिहा.”

अव्वाची लेक,
महानंदा