बँकॉकची सांबारवडी

११ जानेवारी १९८६, समुद्रपूर

पासपोर्टावर माझा फोटो चोरासारखा आलाय! ह्यांनी यंदा मोटारपंप इतके खपवले की कंपनीने जोडीने बँकॉकची सहल दिली. सगळ्या आळीत पेढे वाटले. फक्त लेकीला, मंदीला, कळवायचं नाही.

दोन वर्षं झाली. पोरीने परजातीच्या मास्तराशी कोर्टात लग्न केलं, रोहण्याला संसार मांडला. त्याच दिवशी ह्यांनी शपथ घेतली — "आजपासून सांबारवडी बंद. या घरात तिचं नाव नाई, आन् तिच्या हातची चवबी नाई." मंदी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडायला बसली की घरभर हिरवा वास सुटायचा. तळणीतली पहिली वडी ह्यांची ठरलेली. माणूस चिडला की आधी स्वतःचंच तोंड बांधतो!

१४ जानेवारी

एसटीच्या कंडक्टरच्या हाती मंदीची चिठ्ठी. "आई, फाल्गुनात दिवस भरतेत. पह्यलं बाळंतपण माहेरी व्हावं वाट्टे. बाबाले इचारशीन?"

विचारते! कोणत्या तोंडाने? चिठ्ठी पातळाच्या घडीत ठेवली.

२६ जानेवारी, बँकॉक

जिकडे बघावं तिकडे पाणी. नावेत बसूनच बायका केळी विकतात. झोपेत चालल्यासारखं वाटतंय. पातळाच्या घडीतली चिठ्ठी मात्र जागी आहे.

२७ जानेवारी

दुपारी नदीकाठच्या एका साध्या खानावळीत नेलं. पत्र्याचं छप्पर, लोखंडी टेबलं, वाऱ्यावर हलणारे कागदी कंदील. थाई जेवण मिळतं, आणि व्हिएतनामचंही. मालकीण म्हातारी तिकडची, लढाईत घर सोडून आलेली, असं गाइड म्हणाला. कोपऱ्यात ती आणि तिची लेक पातळ पापडात सारण भरून गुंडाळत होत्या. म्हातारी ओरडे, लेक हसे. भाषा कळेना, भांडण सगळं कळलं — "सारण कमी घाल!" दुसरं काय असणार? लाकडी जमिनीखाली पाणी चुळचुळत होतं. मला वाटलं मी आमच्याच स्वयंपाकघरात आहे, मंदी शेजारी. किती वेळ कोण जाणे!

बिनमटणाचं मागितलं होतं. ताटलीत आल्या लांबट, खरपूस तळलेल्या वड्या. मोडून बघते तर शेवया, गाजर — आणि भरगच्च सांबार! हिंगणघाटच्या डीलरांच्या कौशल्याबाई ओरडल्या, "अवं, हे त आपली सांबार—" टेबलाखालून मी त्यांचा पाय दाबला.

हे खात होते. एक. दोन. नजर नदीवर. चौथी मोडताना म्हणाले, "काय चीज हाय हे?"

"इकडचंच काही हाय," मी म्हटलं.

"हं."

बरोबरच्या वाटीत एक उग्र वासाचं पाणी होतं. ते कशाचं, हे मी विचारलंच नाही. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

२८ जानेवारी

नकळत शपथ मोडली तर पाप कोणाला — खाणाऱ्याला की गप्प बसणाऱ्याला? मलाच लागो.

३ फेब्रुवारी, समुद्रपूर

आज चिठ्ठी ह्यांच्या पानाशेजारी ठेवली. वाचली. घडी घालून खिशात टाकली. भरल्या ताटावरून उठून दुकानात गेले.



६ फेब्रुवारी

चिठ्ठी अजून ह्यांच्याच खिशात. स्वप्नात ती नदी येते. नावेत मंदी वड्या वळत बसलेली, आणि नाव थांबतच नाही. मी काठाने नुसती चालते.

९ फेब्रुवारी

हे बाजारातून आले. सांबाराच्या चार जुड्या ओट्यावर ठेवल्या. "माळ्यावरची बाज काढून ठेवजो. उद्या रोहण्याले जाऊन राह्यलो, पोरीले आणाले."

माझ्याने राहवेना. सांगून टाकलं — "तुमची शपथ त तिकडंच मोडली. त्याच्यात सांबार होता. मले दिसला, मी बोलली नाई. पाप माहं."

"येडी हायेस का? पह्यल्याच घासाले समजलं मले."

"मंग चार काऊन खाल्ल्या?"

टोपी काढून खुंटीला लावली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मंदीची याद आलती."