चौकातली पाणीवाली

बाबा, काल त्या चौकातून रिक्षाने आले. पुढचा रस्ता खणलेला होता म्हणून रिक्षावाल्याने तिकडून घातली, नाहीतर मी त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. सर्कलच्या कठड्यावर कुणाच्या तरी ओल्या चादरी वाळत घातलेल्या, कमानीखाली नेहमीचा मुताचा वास, आणि मधोमध तुमची पाणीवाली. तिला आता सोनेरी केलंय. केसांपासून पायाच्या नखापर्यंत एकच सोनेरी, साडीला तोच रंग, कातडीला तोच, कळशीलाही तोच. शिसारी आली मला. घरी येऊन म्हटलं तुम्हालाच लिहावं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, एवढ्याशा पुतळ्याचं काय घेऊन बसलीस.

तुम्ही घाटकोपरला गणपती करायची शेड घेतलीत तेव्हा तिथे चौक नव्हताच, दगडी पाणपोई होती. वर छोटी घुमटी, चार बाजूंना दगडात कोरलेली गाईची चार तोंडं, खाली जनावरांसाठी कुंडी. कुणा शेठने आपल्या आईच्या नावाने बांधलेली म्हणे. पाणी कधीच बंद पडलं होतं, पण तुम्ही येताजाता त्या गाईच्या कपाळावरून हात फिरवायचात, घरचीच असल्यासारखा. मग चौक सुशोभीकरणाचं खूळ आलं. समितीच्या अध्यक्षांना आपल्या उपनगरातही फोर्टासारखा भव्य चौक हवा होता. पाणपोई एका दुपारी घणाने फोडली आणि तिचे दगड गटाराच्या भरावात टाकले. त्या जागी सिमेंटचं सर्कल, चार दिशांना चार कमानी, कमानींवर पीओपीची द्राक्षं आणि मोर, मध्ये कारंजं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कारंज्याला पाण्याची जोडणी द्यायचीच राहिली, ती आजतागायत राहिलीय.

मधला पुतळा मात्र त्यांनी तुम्हाला सांगितला. शिकलेला शिल्पकार त्यांना झेपणारा नव्हता, आणि तुम्ही हाताशी होतात. संपात गिरणी गेली होती, तुम्ही बारा महिने शेडमध्येच असायचात. घरी येऊन आईला तुम्ही तेच तेच परत सांगत होतात, ते मला अजून ऐकू येतं. तुम्ही आयुष्यभर जे जे केलंत ते पवईच्या तलावात गेलं. दीड दिवसाचं, पाच दिवसांचं, दहा दिवसांचं. वर्षभर राबायचं आणि शेवटी सगळ्याचा चिखल. आता पहिल्यांदाच कुणी तुम्हाला राहणारी गोष्ट करायला सांगत होतं.

त्या रविवारी तुम्ही मला फोर्टात घेऊन गेलात. मी नोकरीला लागले होते, सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून कुठे ऊन खायला जायचं म्हणून कुरकुरत होते. तुम्ही त्या गोल बागेभोवतीच्या इमारतींसमोर उभे राहता. सगळ्या एकाच वळणाच्या, एकीचा हात दुसरीच्या हातात असल्यासारख्या, आणि कमानींच्या माथ्यावर दगडी चेहरे. तुम्ही एकेक चेहरा मान वर करून बघताय, आणि मागून येणारे लोक तुम्हाला धक्के मारून जातायत. मग आपण फ्लोरा फाउंटनला गेलो. वरच्या दगडी बाईला पांढरा रंग फासलेला होता. दगडाला रंग कशाला फासतात मेले, असं तुम्ही म्हणालात आणि तरी तिथून हलेनात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "शंभराच्या वर वर्सां झाली गो, आनि लोक अजून हिच्या तोंडाकडे बघतत." त्या दिवशी तुम्हाला काय हवं होतं ते मला कळलं. एक तोंड हवं होतं, पाण्यात न जाणारं.

गणपतीचा हंगाम संपल्यावर तुम्ही पाणीवाली केलीत. लोखंडी सळ्या, जाळी, त्यावर सिमेंट, वरून रंग. फोडलेल्या पाणपोईच्या जागी पाणी देणारी बाई, ही कल्पना तुमचीच. अध्यक्ष येऊन बघून गेले आणि म्हणाले, बाई जरा फिल्मी करा. तुम्ही मान डोलावलीत आणि काहीही केलं नाहीत. तिचं तोंड तुमच्या गौरींसारखंच झालं, भरलेलं, शांत. डोळ्यांची आखणी तुम्ही सगळ्यात शेवटी केलीत, दार लावून, आणि त्या दिवशी आम्हाला शेडमध्ये येऊ दिलं नाहीत. तिथूनच तिला पिवळं कापड गुंडाळून टेम्पोने चौकात नेलं. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते, तोपर्यंत झाकलेली राहू दे म्हणाले.

झाकलेलीच राहिली. दोरी कोणी ओढायची यावरून दोन पुढाऱ्यांचं वाजलं. एकाने चौक बांधला, दुसऱ्याने जागा मोकळी करून दिली, दोघांनाही पाटीवर आपापल्या बापाचं नाव हवं. एकाची तारीख ठरली की दुसरा मोर्चा आणायचा. पावसाळे गेले. पिवळं कापड कुजलं, त्यावर निळी ताडपत्री आली, निवडणुकीत त्यावर प्रचाराचं फडकं बांधलं. फडक्यावरचा पुढारी हात जोडून हसतोय आणि आत तुमची बाई गुदमरतेय. चौथऱ्यावर पानाच्या पिचकाऱ्या, मागे दारूच्या बाटल्या. आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारायला जाता. आई वैतागून म्हणायची, "पडदो काढा आनि बगा एकदाचा. कोण तुमका फाशी देतलो?" तुम्ही चप्पल घालून निघून जायचात.

तुमचं काय अडलं होतं ते मला माहीत होतं. मी लहान असताना मैत्रिणीला दाखवायला म्हणून एका बुकिंगच्या गणपतीच्या तोंडावरचा रुमाल उचलला होता. तुम्ही कधी आवाज न चढवणारे, पण त्या दिवशी शेडभर ऐकू जाईल असे ओरडलात. "ज्याचो देव, त्यानी उघडूचो. तू कोण?" हा तुमचा धर्मच. पण बाबा, तो नियम घरच्या देवाला, भक्तिभावाने न्यायला येणाऱ्या माणसांसाठी. या लुच्च्यांना कसला लावलात? मला तुमचाही राग यायचा. खोटं कशाला बोलू, किळस यायची तुमच्या त्या मऊपणाची.

एकदा मी तुमच्याबरोबर आले होते. तुम्हाला तोवर दम लागायला लागला होता, गिरणीतला कापूस छातीत बसलेला. चौथऱ्याला टेकून तुम्ही श्वास घेत होतात. मी म्हटलं, मी वर चढते, ताडपत्री बाजूला करते, दोन मिनिटं बघा आणि परत झाकू. तुम्ही माझं मनगट धरलंत. "माझा काम झाला. आता ती तेंची." मग रोज येता कशाला, असं मी विचारलं. तुम्ही खिशातून रुमाल काढलात आणि चौथऱ्यावरची ताजी पिचकारी पुसायला लागलात. दुसऱ्याची थुंकी, बाबा. मी तिथून तरातरा चालत घरी आले आणि आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. त्या पावसाळ्यातच तुम्ही गेलात.

आणि मग बघा, वरातीमागून घोडं. दोन्ही पुढारी एकाच पक्षात गेले आणि लगेच मुहूर्त निघाला. आम्हाला बोलावणं नव्हतं. आई येत नाही म्हणाली, मी एकटी गेले, मागे उभी राहिले. दोघांनी मिळून दोरी ओढली, ती तुटून हातात आली. टाळ्या वाजवणाऱ्यांना कळेना थांबायचं की नाही. शेवटी मांडववाला बांबू घेऊन आला आणि त्याने ताडपत्री ढोसून ढोसून खाली पाडली. आतलं पिवळं कापड ओलीने चेहऱ्याला चिकटलं होतं. तेही त्याने बांबूने ओढलं, आणि तुमचा रंग त्याच्याबरोबर सोलून आला. गाल, ओठ, आणि डोळे तर अख्खे. खाली पडलेल्या त्या फडक्यावर तुमची आखणी उमटलेली मला दिसत होती. वर नुसतं राखाडी सिमेंट उरलं. पुढे कुणीतरी म्हणालं, "च्यायला, आंधळी केलीय," आणि हशा पिकला. पाहुणेही हसले. मग पाण्याच्या महत्त्वावर भाषण झालं. ते फडकं कुणीतरी पायाने गटाराकडे सरकवलं. पुतळा केला कोणी, हे एकानेही विचारलं नाही.

मी तिथेच, भर गर्दीत, हुंदके देऊन रडले. शेजारच्या काकूंनी मला घरी आणून सोडलं आणि आईला सांगितलं, पोरीला बापाची आठवण झाली हो. आई अजून तेच समजते, वर्षश्राद्धाला येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते, आणि मी गप्प बसते. हे लिहिलेलंही तिच्या हाती लागू देणार नाही. बाबा, मला तुमची आठवण झाली नव्हती. तुम्ही मेलात ते किती बरं झालं, असं वाटून मला रडू फुटलं होतं.