हिला ऐकू येतं

आई, तुझ्या वसतिगृहातल्या त्या पेठच्या पोरीची भाची जूनपासून माझ्याकडे राहायला आली आहे. गंगापूर रोडच्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, जिथे आमच्या मुलाचा पलंग आणि त्याची बॅट असायची, तिथे आता नर्सिंगची जाड पुस्तकं आहेत आणि खिडकीतल्या दोरीवर पांढरे मोजे वाळतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, मुलगा पुण्याला गेला तर प्रभूने घर पुन्हा भरलं. आणि मी मनातल्या मनात म्हटलं असतं, प्रभूने कसलं, तुझ्या त्या लाडकीने भरलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी साठीला टेकले, नवऱ्याची आणि माझी दोघांचीही पेन्शन सुरू झाली, तरी तिला लाडकी म्हणताना माझे दात आवळले जातात. हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण तुला तेव्हा वेळ नव्हता. खरं तर माझ्यासाठी तो कधीच नव्हता.

शरणपूरच्या त्या मिशनच्या आवारात तू मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होतीस, आणि तुझा एक नियम होता. आवारात मी तुला आई म्हणायचं नाही. "त्यांच्या आया लांब डोंगरात आहेत. तू आई म्हणून हाक मारलीस की त्यांना रडू येतं. इथे मी सगळ्यांची बाई." मग मीही तुला बाई म्हणायचे. बाई, मला भूक लागली. बाई, माझी वेणी घाला. मुलींच्या रांगेत ताट घेऊन उभी राहायचे आणि तू मला वाढताना इतरांपेक्षा जास्त काय, कणभर कमीच वाढायचीस, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आपल्या दोन खोल्यांत आल्यावर तेवढी तू आई व्हायचीस, आणि तेव्हा तू दमलेली असायचीस. मुलींचा मला राग नव्हता ग. त्या बिचाऱ्या शनिवार आला की फाटकाकडे डोळे लावून बसायच्या. मला राग यायचा तो तुझ्या प्रभूचा. तू दिवसभर मुलींची आणि उरलेली त्याची. माझ्या वाट्याला दमलेली यायचीस.

कुणी काही विचारलं की तू म्हणायचीस, "प्रार्थना करून सांगते." मग धान्याच्या कोठीत जायचीस, दार ओढून घ्यायचीस, आणि थोड्या वेळाने पदराने कपाळ पुसत बाहेर येऊन सांगायचीस, हो किंवा नाही. त्यावर पुन्हा चर्चा नाही. चर्चचे पाळकसाहेब सुद्धा गप्प बसायचे. एकदा तुझी ती पेठची पोर सुट्टीनंतर परत आलीच नाही. घरच्यांनी तिला द्राक्षबागेच्या कामाला सोबत नेलं होतं. तू कोठीत गेलीस, बाहेर आलीस आणि म्हणालीस, "मला जायला सांगितलंय." त्या दिवशी शाळेत माझं गाणं होतं. मी नवी रिबीन बांधून उभी होते. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, "प्रभूने सांगितल्यावर थांबता येतं का?" म्हणालीस आणि एसटी पकडायला गेलीस. बागेत त्या लोकांशी भांडून, रडून, जेवून संध्याकाळी तिला घेऊन आलीस. चांगलंच केलंस. आज मी तेच म्हणेन. पण त्या दिवशी मी कोठीच्या दाराला कान लावून उभी होते, तू आत असताना. मला आतून काहीच ऐकू आलं नव्हतं. ना त्याचा आवाज, ना तुझा.

आणि मग तो स्वेटर. माझ्यासाठी मरून लोकरीचा स्वेटर तू पावसाळाभर विणत होतीस, हात रिकामा झाला की दोन ओळी. नाताळच्या गाण्यांच्या फेरीला निघायचं होतं, नाशिकची थंडी तुला ठाऊक आहे, आणि पेठची पोर पातळ फ्रॉकमध्ये कुडकुडत होती. तू मला बाजूला घेतलंस. "तुझ्याकडे जुना आहे. नवा हिला देशील?" मी मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकले होते. म्हटलं, "प्रार्थना करून सांगते." स्वयंपाकीणबाई खो खो हसल्या. तू हसली नाहीस. "कर," म्हणालीस, आणि मला कोठीत बसवून बाहेर थांबलीस. मी बसले ग. बाजरीच्या पोत्याला टेकून, डोळे घट्ट मिटून, अगदी खरेपणाने बसले. मला वाटलं आज माझ्याशीही बोलेल. कुठे काही नाही. बाहेर येऊन म्हटलं, "काहीच सांगितलं नाही." तू म्हणालीस, "बरं," आणि स्वतः आत गेलीस. आलीस ती स्वेटर उचलून तिच्या अंगात घातलास. म्हणजे माझ्याशी बोलायला त्याला तोंड नव्हतं, पण माझा स्वेटर कुणाला द्यायचा ते तुला सांगायला होतं!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी विसरले असते. पण नाताळ झाल्यावर ती पोर स्वेटर घडी करून घेऊन आली. कोठीत बसून आली होती, तुझं बघून. "बाई, मला सांगितलं, ज्याचा त्याला दे." तू तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलास. माझा तसा कधी धरल्याचं मला आठवत नाही. आणि स्वयंपाकीणबाईंना म्हणालीस, "हिला ऐकू येतं." बस, एवढंच. मी चुलीपाशी उभी होते. तुला दिसलेसुद्धा नाही. स्वेटर मी घेतला आणि ट्रंकेच्या तळाशी टाकला. त्याला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता.

पुढे ती पेठकडेच चर्चच्या मंडळीच्या कामाला लागली, घरोघर जाऊन प्रार्थना घ्यायची, आजाऱ्यांपाशी बसायची. मी शिक्षिका झाले. मंडळीत गेले, दान दिलं, संडे स्कूल चालवलं, पोरांना "प्रभूवर भाव ठेवा, तो सांगेल तसं करा" असं वर्षानुवर्षं शिकवलं. आणि तुझ्या शेवटच्या आजारात काय झालं? मी पेपर तपासायचे म्हणून दुपारी घरी आले, आणि ती सकाळच्या एसटीने कुणी न बोलावता नाशिकला आली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझा हात तिच्या हातात होता. ती रडत म्हणाली, "ताई, मला चार दिवसांपासून ये, ये होत होतं." मला का नाही झालं? मी तर दोन चौक पलीकडे होते. आणि ती तुला आई म्हणत होती. दवाखान्यात, सगळ्यांसमोर, आई.

आता ऐक. मे महिन्यात तिचा फोन आला. भावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. कॉलेजच्या हॉस्टेलवर जागा होती, पण पोर कधी घर सोडून राहिलेली नाही. "ताई, तुमच्याकडं राहिली तर बरं व्हईल. तुमी हो म्हणा नायतर नाय म्हणा, मला राग नाय." मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते." आई, तुझ्यानंतर या वाक्याचं काय झालं ते तुला सांगायला हवं. आमच्या मंडळीत आता याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कुणी समितीवर या म्हटलं, कुणी मुलीसाठी स्थळ आणलं, कुणी तिळगुळाच्या दिवशी जेवायला बोलावलं आणि जायचं नसलं, की प्रार्थना करून सांगते. समोरचा "हो हो, प्रार्थना करा" म्हणतो आणि दुसरं घर बघतो. कुणाचं मन दुखत नाही. इतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही. पण ती डोंगरात राहिलेली, तुझ्या हाताखाली वाढलेली. तिने ते खरंच धरलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मी गवार निवडत होते. "ताई, झाली का प्रार्थना?"

"अग, हॉस्टेलची जागा आहे ना?"

"ती सोडली आमी. तुमी प्रार्थनेत ठेवलंय म्हटल्यावर दुसरीकडं कशाला हात मारायचा? ते काय बरं दिसतं का?"

मला असा संताप आला! म्हटलं, हिला व्यवहार म्हणून काही कळत नाही. आता पोरीला जागा नाही आणि खापर माझ्या डोक्यावर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "मी पण लय विचारलं त्याला. ह्या बाबतीत मला कायच सांगत नाय. मग मी म्हटलं, ताईंला सांगणार असंल. आईंची लेक हाय, तिला थेट कळंल."

आई, माझ्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. तिला ऐकू आलं नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा तिला ऐकू आलं नव्हतं, आणि ती जणू माझ्या कोठीच्या दाराशी उभी राहून विचारत होती की आतून काय आलं. मी म्हटलं, "हो. मला सांगितलंय. पाठव तिला."

फोन ठेवला तर आमचे हे पेपरमागून बघत होते. "कधी सांगितलं? तू तर मघापासून भाजी निवडते आहेस."

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. भाजी मात्र जळली त्या दिवशी.

तर अशी ती पोर आली. दयेने आणली म्हणावं तर दया नव्हती, आणि आज्ञापालन म्हणावं तर आज्ञाच नव्हती. होता तो निव्वळ हेवा. आणि गंमत बघ, एकदा त्याचं नाव घेऊन बसल्यावर मला माघार घेता येईना. पहाटे उठून तिचा डबा करायचा कंटाळा आला की वाटायचं, प्रभूने सांगितलंय असं मीच म्हटलंय, आता डब्यात कालची पोळी कशी घालू? ती बाथरूमचा दिवा चालू ठेवते, फोनवर आईशी रडते, भात इतका खाते की कुकर मोठा काढावा लागला. मी ओरडायला तोंड उघडते आणि मिटते. पहिल्या परीक्षेत ती एका विषयात नापास झाली तेव्हा शेजारणीच्या मुलीला सांगून मी तिची शिकवणी लावली, आणि रोज संध्याकाळी स्वतः तिच्यासमोर बसून उत्तरं म्हणून घेतली, हाडांची नावं, औषधांची नावं, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आमचे हे म्हणतात, स्वतःच्या मुलासाठी एवढी बसली नव्हतीस. खरं आहे. त्याच्या बाबतीत मी प्रभूचं नाव घेतलं नव्हतं.

मी प्रभूलाही सांगून टाकलं आहे. सकाळी पोर गेल्यावर गॅलरीत बसते आणि म्हणते, तुझ्या तोंडी मी माझे शब्द घातले, तुला चालत नसेल तर सांग. तो काही बोलत नाही. मी वाट बघते, मग उठून कपडे वाळत घालते. कधी कधी वाटतं, कोठीत तुझंही असंच होत असेल का? दार लावून बसायचीस, काही ऐकू यायचं नाही, मग तुला जे नीट वाटायचं ते ठरवून बाहेर यायचीस आणि त्याचं नाव घेतल्यामुळे मरेपर्यंत निभवायचीस? तसं असेल तर मी इतकी वर्षं कशासाठी जळले? आणि तसं नसेल, तो खरंच बोलत असेल, तर मी अजून जळते आहे. तुला विचारायची सोय नाही हे एका परीने बरंच आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. परवा रविवारी उपासनेहून आलो. मी कणीक मळत होते, पोर कोथिंबीर निवडत होती. पाळकसाहेबांनी उपदेशात विचारलं होतं, प्रभू बोलतो तेव्हा तुम्ही ऐकता का? ती खाली मान घालून म्हणाली, "मावशी, आत्या म्हणली तुमाला प्रभूनं सांगितलं मला घरात घ्यायला. खरंच सांगितलं?"

मी हातातला गोळा उलटा केला. "तुझी आत्या खोटं बोलेल का?"

"तसं नाय." ती कोथिंबिरीचे दांडे ओरबाडत होती, पानं सुद्धा कचऱ्यात जात होती. "आत्याला ऐकू येतं. तुमाला ऐकू येतं. मी रोज खोलीत दार लावून बसते, मला तर कधीच कायच नाय. मीच काय केलंय त्याचं?"

आई, ते तोंड मी आरशात पाहून पाहून ओळखते. गालफडं आवळलेली, डोळे कोरडे, खालचा ओठ जरा पुढे. पोरगी माझ्यावर जळत होती. माझ्यावर! त्या क्षणी तिला जवळ घेऊन सांगायचं होतं की बाळा, मलाही काही ऐकू आलेलं नाही, साठ वर्षांत एकदाही नाही, तू एकटी नाहीस. तिला तेवढंच हवं होतं, हे मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हटलं, "येईल हळूहळू," आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ती उठून खोलीत गेली आणि तिने दार लावलं.

तिला खरं सांगायचं आहे. सांगणारच आहे. पण आई, तिने माझा हेवा केला आणि मला इतकं बरं वाटलं, की अजून थोडे दिवस ते तसंच राहावं असं वाटतंय.